विश्लेषण : डार्करूमचे स्वस्त प्लास्टिक साहित्य किती भरवशाचे?

मोबाइलने काढलेला फोटो क्षणात पडद्यावर दिसण्याच्या काळात ‘डार्करूम’ हा शब्द अनेकांना जुन्या फोटो स्टुडिओतला वाटतो. मात्र फिल्म पूर्णपणे हद्दपार झालेली नाही. वेल्डिंगच्या जोडांची तपासणी, दातांचे एक्स-रे आणि फिल्मवर छायाचित्रे काढण्याचा नव्याने रुजणारा छंद, या तीन ठिकाणी अंधारी खोली, लाल दिवा आणि रसायनांच्या टाक्या अजूनही लागतात. कारखान्यांची मोठी वसाहत असलेल्या बोईसर-तारापूरसारख्या भागात यातला पहिला उपयोग सर्वाधिक महत्त्वाचा आहे. या खोलीतले बरेचसे साहित्य आता प्लास्टिकचे असते आणि खरेदीचा ओढा स्वस्ताकडे असतो. हे साहित्य कुठे चालते आणि कुठे दगा देते, याचा हा आढावा.

बोईसर-तारापूरमध्ये फिल्म कशाला लागते?

तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. ५४० मेगावॉट क्षमतेच्या आणखी दोन अणुभट्ट्या २००५ आणि २००६ मध्ये कार्यान्वित झाल्या. शेजारच्या एमआयडीसीत रसायने, औषधे, पोलाद आणि कापडाचे कारखाने आहेत. अशा उद्योगांचा गाडा पाइप, बॉयलर आणि प्रेशर व्हेसलवर चालतो, आणि ही सगळी उपकरणे वेल्डिंगच्या जोडांवर उभी असतात.

जोड बाहेरून गुळगुळीत दिसला तरी आत हवेची पोकळी, अडकलेला मळ किंवा बारीक भेग असू शकते. ती पाहण्यासाठी जोडाच्या एका बाजूला किरणोत्सारी स्रोत किंवा एक्स-रे यंत्र आणि दुसऱ्या बाजूला फिल्म ठेवतात. गॅमा किरणांसाठी बहुतेक ठिकाणी इरिडियम-१९२ वापरले जाते. हे काम अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याखाली आणि प्रशिक्षित माणसांकडूनच करावे लागते. बॉयलरच्या जोडांच्या अशा तपासणीची तरतूद १९५० च्या भारतीय बॉयलर विनियमांतही आहे. डिजिटल पद्धती आल्या असल्या तरी फिल्म टिकून आहे. ती पाइपभोवती गुंडाळता येते, तिच्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत आणि तपासणीचा पुरावा म्हणून वर्षानुवर्षे जपून ठेवता येते.

फिल्म धुताना नेमके काय होते?

फिल्मवर चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण जिलेटीनच्या थरात बसवलेले असतात. किरण पडलेल्या कणांचे डेव्हलपर हे रसायन काळ्या धातुरूप चांदीत रूपांतर करते. त्यानंतर स्टॉप बाथमधले सौम्य आम्ल ही क्रिया थांबवते. फिक्सर उरलेले क्षार विरघळवून काढतो आणि शेवटी फिल्म वाहत्या पाण्यात धुऊन वाळवली जाते.

हाताने धुताना बऱ्याच औद्योगिक फिल्मसाठी डेव्हलपरचे तापमान २० अंश सेल्सिअस आणि वेळ सुमारे ५ मिनिटे धरतात. तापमान चढले की क्रिया वेगाने होते, उतरले की मंदावते. म्हणजे थर्मामीटर दोन अंशांनी खोटा असेल तर फिल्मचा काळेपणाही खोटा येतो. डेव्हलपर अल्कधर्मी असतो आणि फिक्सर सहसा आम्लधर्मी. फिक्सरचे थोडे थेंब डेव्हलपरमध्ये पडले तरी डेव्हलपर बिघडतो. त्यामुळे कोणते भांडे कशासाठी, याची शिस्त या खोलीत भांड्याच्या दर्जाइतकीच महत्त्वाची ठरते.

प्लास्टिक म्हणजे दुय्यम आणि स्टील म्हणजे उत्तम, हे खरे का?

सरसकट खरे नाही. डार्करूममधली रसायने पाण्यात विरघळवलेली असतात. अशा द्रावणांना एचडीपीई, पॉलिप्रॉपिलीन आणि पीव्हीसी ही साधी, स्वस्त प्लास्टिके उत्तम तोंड देतात. उलट तांबे, जस्त, कथील आणि ॲल्युमिनियम डेव्हलपरमध्ये गेले तर फिल्मवर धुकट छटा येते. जस्ताचा मुलामा दिलेली बादली म्हणूनच या खोलीत चालत नाही. स्टीलमध्येही ३१६ या प्रकाराची शिफारस केली जाते, कारण साध्या स्टीलला फिक्सरमुळे खड्डे पडू शकतात, विशेषतः वेल्डिंगच्या जागी. स्वस्तातली साध्या स्टीलची टाकी चांगल्या पॉलिप्रॉपिलीनच्या टाकीपेक्षा आधी निकामी होऊ शकते.

काही प्लास्टिके मात्र टाळलेली बरी. पॉलिकार्बोनेट काचेसारखे स्वच्छ दिसते, पण अल्कधर्मी द्रावणात दीर्घकाळ राहिले तर त्याला बारीक तडे जातात. पॉलिस्टायरीन ठिसूळ असते. पाणी न घातलेले ग्लेशियल ॲसेटिक आम्ल पॉलिस्टायरीन आणि एबीएसच्या मापपात्रात ओतले तर पात्र खराब होते. वस्तूच्या तळाला त्रिकोणात आकडा असेल तर ओळख सोपी होते. २ म्हणजे एचडीपीई, ३ म्हणजे पीव्हीसी, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन आणि ६ म्हणजे पॉलिस्टायरीन.

मग स्वस्त साहित्य दगा कुठे देते?

रसायनापुढे प्लास्टिक क्वचित हरते. ते हरते सांध्यात, मापात आणि उजेडात. पहिली अडचण सांध्यांची. १४ बाय १७ इंची फिल्मसाठी वापरली जाणारी नेहमीची टाकी सुमारे १९ लिटरची असते, म्हणजे तिच्या भिंतींना १९ किलोंहून अधिक भार पेलावा लागतो. पातळ पत्रे गरम हवेने जोडून केलेली टाकी काही महिन्यांत फुगते आणि कोपऱ्यातून पाझरू लागते. फिक्सरच्या टाकीतला पाझर शेजारच्या डेव्हलपरपर्यंत पोहोचला तर दोन्ही वाया जातात.

दुसरी अडचण प्लास्टिकच्या वस्तूतल्या लोखंडाची. क्लिपची स्प्रिंग, हँगरचा स्क्रू, ट्रेच्या मुठीचा रिव्हेट हे भाग साध्या लोखंडाचे असतील तर फिक्सरमध्ये गंजतात आणि फिल्मवर डाग पाडतात. वस्तू प्लास्टिकची म्हणून निर्धास्त राहिलेल्या माणसाचे या भागांकडे लक्ष जात नाही.

तिसरी अडचण मापांची. मापपात्रावरच्या रेघा छपाईच्या असतील तर पुसल्या जातात आणि मुळातच चुकीच्या जागी असतील तर प्रत्येक मिश्रण चुकते. चौथी अडचण उजेडाची. काळे दिसणारे प्रत्येक प्लास्टिक अपारदर्शक नसते. उजेड अडवण्यासाठी दाण्यात काजळीचे प्रमाण आणि भिंतीची जाडी पुरेशी लागते. दाणा वाचवून केलेल्या पातळ टाकीच्या भिंतीतून किंवा नीट न बसणाऱ्या झाकणातून उजेड आत शिरतो. पुनर्वापराच्या दाण्यापासून केलेली वस्तू आपोआप वाईट ठरत नाही, पण दाण्याची प्रत प्रत्येक खेपेला बदलली तर वस्तूचा दर्जाही बदलतो. आधीची टाकी चांगली निघाली म्हणून त्याच दुकानातली पुढची तशीच निघेल, याची खात्री राहत नाही.

वेल्डिंगच्या फिल्मवर याचा काय परिणाम होतो?

एएसएमई संहितेनुसार जोडाच्या फिल्मचा काळेपणा एक्स-रेसाठी किमान १.८ आणि गॅमा किरणांसाठी किमान २ असावा लागतो. कमाल मर्यादा ४ आहे. काळेपणा २ म्हणजे फिल्ममधून शंभरातला एक भाग उजेड आरपार जातो आणि ४ म्हणजे दहा हजारांतला एक. इतक्या गडद फिल्मवर तपासनीसाला केसाएवढी भेग शोधायची असते.

अशा वेळी ओरखडा, पाण्याचा ओघळ, रसायनाचा डाग किंवा उजेडाचा पट्टा फिल्मवर उमटला तर दोन धोके असतात. खोट्या खुणेला दोष समजून चांगला जोड कापला आणि पुन्हा वेल्ड केला जाऊ शकतो. किंवा खरी भेग त्या डागाखाली झाकली जाऊ शकते. दुसरा धोका अधिक गंभीर, कारण त्या पाइपमधून पुढे वाफ किंवा ज्वलनशील रसायन दाबाखाली वाहणार असते.

संशय आला की फिल्म पुन्हा काढावी लागते. त्यासाठी परिसर पुन्हा मोकळा करणे, दोरी बांधणे, कामगारांना दूर ठेवणे हे सगळे पहिल्यापासून आले. इरिडियम-१९२ ची तीव्रता ७४ दिवसांत निम्मी होते. त्यामुळे स्रोत जुना असेल तर पुन्हा काढायच्या फिल्मला वेळही अधिक लागतो. काही रुपये वाचवून घेतलेल्या क्लिपमुळे अख्ख्या पाळीचे काम वाया जाऊ शकते, ते असे.

फिल्म ज्यात ठेवतात त्या मऊ पीव्हीसीच्या कॅसेटकडेही लक्ष हवे. पाइपभोवती वारंवार गुंडाळल्याने तिचे कोपरे आणि शिवण झिजते. फिल्मच्या त्याच कोपऱ्यात पुन्हा पुन्हा काळी छटा दिसू लागली तर दोष टाकीत शोधण्यापूर्वी कॅसेट बदलून पाहावी. प्रत्येक कॅसेटला क्रमांक दिला असेल तर दोषी कॅसेट लगेच सापडते.

दातांच्या दवाखान्यातली छोटी पेटी कितपत सुरक्षित?

अनेक दंतवैद्यांनी आता आरव्हीजी हा डिजिटल सेन्सर घेतला आहे. जिथे अजून छोटी फिल्म वापरली जाते, तिथे खुर्चीशेजारी ठेवायची प्लास्टिकची पेटी डार्करूमचे काम करते. पेटीत डेव्हलपर, पाणी आणि फिक्सरच्या वाट्या असतात. हात घालण्यासाठी कापडी किंवा रबरी बाह्या आणि वरून पाहण्यासाठी रंगीत पारदर्शक झाकण असते.

या पेटीचा कमकुवत भाग म्हणजे हे झाकण. पिवळट केशरी झाकण जुन्या, संथ ‘डी’ गतीच्या फिल्मसाठी पुरेसे असते. रुग्णाला कमी किरण लागावेत म्हणून वापरल्या जाणाऱ्या ‘ई’ आणि ‘एफ’ गतीच्या फिल्मला मात्र गडद लाल झाकणच लागते. फिल्म बदलली आणि पेटी तीच राहिली तर प्रत्येक एक्स-रे थोडा धुकट येतो. त्यात दातांमधली सुरुवातीची कीड दिसत नाही. मग एक्स-रे पुन्हा काढावा लागतो आणि वेगवान फिल्म वापरून वाचवलेले किरण रुग्णाला शेवटी सोसावेच लागतात. बाह्यांचे सैल झालेले इलॅस्टिक आणि खिडकीशेजारी ठेवलेली पेटी ही धुकटपणाची आणखी दोन कारणे.

पालघरच्या हवापाण्याचा काय संबंध?

समुद्राकाठच्या या पट्ट्यात उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी सहज ३० अंशांच्या वर जाते. इतक्या गरम पाण्यात जिलेटीनचा थर फुगतो, मऊ पडतो आणि नखाच्या स्पर्शानेही ओरखडतो. डेव्हलपर थंड आणि धुण्याचे पाणी गरम असा मोठा फरक असेल तर थराला सुरकुत्याही पडू शकतात.

इथे प्लास्टिकचा एक गुण आणि एक दोष एकत्र दिसतात. प्लास्टिकमधून उष्णता हळू वाहते. त्यामुळे थंड केलेले द्रावण प्लास्टिकच्या टाकीत जास्त वेळ थंड राहते. पण बाहेरून बर्फाचे पाणी लावून ते थंड करायचे असेल तर स्टीलपेक्षा बराच उशीर लागतो. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकला तर द्रावण पातळ होते. बर्फ घट्ट बंद केलेल्या बाटलीत भरून ती स्वच्छ धुऊन टाकीत सोडणे, हा सोपा उपाय आहे.

पावसाळ्यात अडचण वेगळी. हवेतल्या ओलाव्यामुळे कॅमेऱ्याची फिल्म प्लास्टिकच्या रिळावर चढताना अडकते. गढूळ पाण्यातले कण ओल्या थरावर ओरखडे पाडतात. नळाला साधी गाळणी बसवली आणि रीळ पूर्ण कोरडे करून वापरले तर हा त्रास बराच कमी होतो.

छंद म्हणून फिल्म धुणाऱ्यांनी काय घ्यावे?

कॅमेऱ्याच्या फिल्मसाठी वेगळी अंधारी खोली लागतेच असे नाही. काळ्या कापडी पिशवीत हात घालून फिल्म रिळावर चढवायची आणि झाकणबंद टाकीत धुवायची, एवढे पुरते. जगभर प्रचलित असलेल्या ब्रिटनच्या पॅटरसन कंपनीच्या टाक्या प्लास्टिकच्याच आहेत. त्यांत ३५ मिलिमीटरच्या एका फिल्मला २९० मिलिलिटर द्रावण लागते. म्हणजे प्लास्टिक हा तडजोडीचा नव्हे, तर वर्षानुवर्षे वापरात मुरलेला मार्ग आहे.

नक्कल केलेल्या स्वस्त टाक्यांत तीन गोष्टी पाहाव्यात. रिळाच्या दोन्ही चकत्या न अडकता पुढेमागे फिरतात का, उजेड अडवणारी मधली नळी टाकीसोबत आली आहे का आणि झाकण उलटे केल्यावर गळते का. मधली नळी विसरून टाकी बंद केली तर वरच्या तोंडातून थेट उजेड शिरतो आणि सगळी फिल्म काळी होते. ट्रे, बादली, चिमटे आणि फनेल मात्र भांड्यांच्या दुकानातले घेतले तरी चालतात. फक्त ते पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नयेत.

विकत घेतल्यावर तपासणी कशी करावी?

प्रयोगशाळेची गरज नाही. टाकी पाण्याने भरून पातळीला खूण करावी आणि चोवीस तास ठेवावी. बाहेरून ओल दिसली किंवा भिंत फुगली तर ती परत करावी. मापपात्र स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि १०० मिलिलिटरच्या रेघेपर्यंत पाणी भरावे. वजन १०० ग्रॅमच्या जवळपास यायला हवे. थर्मामीटर बर्फाच्या चुऱ्यात थोडे पाणी घालून बुडवावा, तो शून्य अंश दाखवायला हवा. कोमट पाण्यात ३७ अंशांच्या आसपास तापाच्या डिजिटल थर्मामीटरशी त्याची तुलना केली की दुसरी खातरजमा होते.

उजेडाच्या तपासणीला मोबाइल उपयोगी पडतो. रात्री खोली पूर्ण अंधारी करून दहा मिनिटे डोळे सरावू द्यावेत. मग टॉर्च सुरू केलेला मोबाइल पेटीत किंवा मोठ्या टाकीत ठेवून झाकण लावावे. भिंतीतून किंवा सांध्यातून उजेड दिसला तर ते साहित्य फिल्मसाठी निरुपयोगी समजावे. छोट्या टाकीत फिल्मचा तुकडा बंद करून अर्धा तास उन्हात ठेवावा. तो आणि अंधारात ठेवलेला दुसरा तुकडा एकत्र धुतल्यावर दोन्ही सारखे दिसायला हवेत.

लाल दिव्यासाठी नाण्याची चाचणी जुनी आणि खात्रीची आहे. नेहमीच्या जागी फिल्म ठेवून तिच्यावर नाणे ठेवावे, पाच मिनिटांनी फिल्म धुवावी. नाण्याची गोल खूण उमटली तर दिवा सुरक्षित नाही. लाल रंग फासलेला साधा बल्ब या चाचणीत नापास होऊ शकतो, कारण रंगाचे पोपडे उडाले की पांढरा उजेड बाहेर पडतो. चाचणी झाल्यावर मोबाइल आणि स्मार्टवॉच खोलीबाहेर ठेवावेत. त्यांचा पडदा आणि चार्जरचा छोटा दिवासुद्धा फिल्म खराब करू शकतो.

रसायने ठेवण्यात आणि टाकण्यात कोणती काळजी हवी?

डेव्हलपर हवेतल्या ऑक्सिजनने बिघडतो. दुधी रंगाच्या पॉलिथिनच्या कॅनमधून ऑक्सिजन हळूहळू आत झिरपतो. पेट प्लास्टिक या बाबतीत बरे आणि काच सर्वांत चांगली. बाटली काठोकाठ भरणे आणि टाकीत द्रावणावर तरंगते झाकण ठेवणे, हे दोन उपाय जवळजवळ फुकटचे आहेत. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत मात्र ही रसायने कधीही भरू नयेत. कुणी चुकून प्यायले तर ते जिवावर बेतू शकते.

वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी विरघळलेली असते. ती परत मिळवता येते आणि जलचरांना ती अपायकारकही आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत एक्स-रे फिल्म धुण्याच्या चांदीयुक्त द्रावणाचा रासायनिक द्रव कचऱ्यात स्पष्ट समावेश आहे. त्यामुळे दवाखान्यांना ते थेट गटारात सोडता येत नाही. तारापूरच्या औद्योगिक सांडपाण्याचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेला आहे. अशा भागात फिक्सर वेगळ्या, खूण केलेल्या कॅनमध्ये साठवून अधिकृत प्रक्रिया करणाऱ्याकडे देणे आवश्यक ठरते. त्या कॅनसाठी घट्ट फिरकीच्या झाकणाचा जाड एचडीपीई पुरेसा असतो.

पैसे कुठे वाचवावेत आणि कुठे नाही?

ट्रे, बादल्या, फनेल, साठवणुकीचे कॅन आणि पाण्याची टाकी स्वस्त प्लास्टिकची चालते. डेव्हलपर, स्टॉप बाथ आणि फिक्सरसाठी तीन रंगांची भांडी घेतली तर गफलतही टळते. थर्मामीटर, लाल दिव्याचा फिल्टर, फिल्म ठेवायची कॅसेट, हँगरच्या क्लिप आणि झाकणबंद टाकी यांत मात्र काटकसर करू नये, कारण यांतला दोष थेट फिल्मवर उमटतो. जोडांच्या तपासणीत तर खरेदीची तारीख साहित्यावर लिहून ठेवणे, दर महिन्याला नाण्याची आणि थर्मामीटरची चाचणी करून तिची वहीत नोंद करणे हिताचे. पुढे एखाद्या फिल्मवर शंकास्पद खूण दिसली, तर ती जोडाची की डार्करूमची, हे ठरवताना या नोंदींचा आधार मिळतो.